बोटीवर स्वस्तातली स्टीलची शेगडी : घ्यावी का, आणि घेतली तर काय काय तपासावं?

वेसावकर_नाखवा | ११ जून, रात्री ९:४०

बोट ४२ फुटी, लाकडावर फायबर. तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून सात माणसं, फेरी सात-आठ दिवसांची. केबिन डेकवर मागच्या अंगाला. आतून २ × २ मीटर, उंची १.८ मीटर. केबिनच्या फळ्यांखाली थेट इंजिन. जेवण केबिनमध्येच शिजतं.

जुनी शेगडी खालून गंजली आहे. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने हातात आहेत, १ ऑगस्टच्या आत नवी बसवायची. नळबाजारात दोन बर्नरची स्टीलची शेगडी दीड-दोन हजारांत मिळते. बोटीसाठी खास बनवलेली परदेशी शेगडी कित्येक पटींनी महाग, शिवाय तिचे सुटे भाग इथे मिळत नाहीत.

प्रश्न तीन. स्टील चांगलं की फसवं हे कसं ओळखायचं? सिलिंडर केबिनच्या कोपऱ्यात दोराने आवळून ठेवला तर चालेल का? आणि घरातली शेगडी बोटीवर मुळात वापरावी का?

---

मिठाचा_खडा | ११ जून, रात्री १०:१५

स्टीलसाठी साधा उपाय, लोहचुंबक न्या. चिकटला तर लोखंड मिसळलेलं हलकं स्टील, नाही चिकटला तर ३०४ नंबरचं चांगलं स्टेनलेस.

---

पितळी_जेट | ११ जून, रात्री ११:०५

खडेराव, चुंबक अर्धंच खरं सांगतो. चिकटला तर बहुतेक ४३० असतं. त्यात निकेल जवळपास नसतं, खाऱ्या हवेत लवकर तांबूस पडतं. पण न चिकटणारं सगळंच ३०४ नसतं. स्वस्त शेगड्यांत २०२ किंवा त्याच घराण्यातलं स्टील भरपूर असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि तेही चुंबकाला चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ची वाकवलेली कड चुंबकाला थोडी ओढते. २०२ आणि ३०४ वेगळं करायला थेंब टाकून रंग बघण्याचं रसायन मिळतं, स्टीलचे भंगारवाले वापरतात. आणि ३०४ मिळालं तरी समुद्रावर त्याला बारीक खड्डे पडतातच. तिथे टिकणारं ३१६, ज्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि ३१६ची शेगडी दोन हजारांत कुणी देणार नाही.

नाखवा, तुमचा पहिला प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. वरचा पत्रा गंजला म्हणून बोट पेटत नाही. दुकानात शेगडी उलटी करा आणि पोट बघा:

गॅसची आडवी नळी कशाची आहे? स्वस्त मालात ती रंग मारलेल्या लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची असते. लोखंडाची आतून-बाहेरून गंजते. ॲल्युमिनियमच्या नळीत पितळी कॉक बसवलेला असतो, दोन वेगळे धातू आणि मध्ये खारा ओलावा, म्हणजे आटे कुरतडले जाणार. पितळी नळी मिळाली तर तीच घ्या, दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी.

कॉक पितळी, जड हवा. नॉब दाबल्याशिवाय फिरता कामा नये. दाबून सोडल्यावर स्प्रिंगने परत उसळला पाहिजे. नुसताच फिरणारा नॉब बोटीवर नको; कुणाचा तरी गुडघा लागून चालू होतो.

बर्नरचं खालचं भांडं आणि मिक्सिंग ट्यूब बिडाची चालेल, पण वरची टोपी पितळी आणि जड असावी. टोपी हाताने हलवून बघा, खाचेत बसते की नुसती ठेवलेली आहे. नुसती ठेवलेली टोपी बोट डुलली की सरकते, ज्योत एका बाजूने भडकते किंवा मागे फिरून जेटपाशी (गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडापाशी) जळते.

पत्रा ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर सात माणसांच्या भाताच्या टोपाखाली दबतो. व्हर्नियर नसेल तर मधोमध अंगठा दाबा. टप्पकन आत जाऊन परत आला तर ठेवून द्या.

काचेच्या टॉपची तर नकोच. टफन ग्लास फुटते तेव्हा अख्खी फुटते, आणि बोटीवर टोप आपटणार हे ठरलेलं.

आयएस ४२४६ हा घरगुती गॅस शेगडीचा भारतीय मानक क्रमांक. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो; बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. शेगडीवर एक नाव आणि ॲपवर दुसरं, तर चिन्ह नुसतं छापलेलं आहे.

---

लाटांचा_हिशोब | १२ जून, सकाळी ७:२०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. सिलिंडर केबिनमध्ये नको. का ते आकड्यांत सांगतो, म्हणजे तांडेलालाही पटेल.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळलेला गॅस खिडकीतून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. हवेत साधारण १.८ टक्के गॅस झाला की ठिणगीने पेट घेतो. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की पेटत नाही, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

तुमची केबिन २ × २ × १.८ म्हणजे ७.२ घनमीटर. त्याचे १.८ टक्के म्हणजे १३० लिटर गॅस, वजनात साधारण पावणेतीनशे ग्रॅम. अख्खी केबिन स्फोटक करायला एवढा पुरतो. मोठा बर्नर ताशी १७० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो. म्हणजे ज्योत विझलेली आणि नॉब उघडा, अशा स्थितीत दीड-पावणेदोन तास. पण गॅस सारखा पसरत नाही, तळाशी बसतो. खालच्या ३० सेंटिमीटरच्या थरापुरता हिशोब केला तर १५ ते २० मिनिटं पुरतात. तुमच्याकडे तर त्या थराखाली फळ्या, आणि फळ्यांखाली इंजिन, बॅटऱ्या, सेल्फ स्टार्टर. गॅस केबिनमध्ये थांबणारच नाही, फटींतून इंजिनरूममध्ये उतरेल. वर कुणाला वासही येणार नाही.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. चालू डिझेल इंजिनाने हवेबरोबर गॅस ओढला तर डिझेल बंद करूनही ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्यामुळे केबिनमध्ये वास आला की इंजिन चालू-बंद करण्याच्या फंदात पडायचं नाही. आधी सिलिंडर बंद. मग दार, खिडक्या, इंजिनवरची झाकणं उघडायची. एकही बटण दाबायचं नाही, ना दिव्याचं, ना पंख्याचं, ना तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं. मोबाइलसुद्धा डेकवर जाऊन लावायचा.

---

दारूखाना_रिटर्न | १२ जून, सकाळी १०:५०

सिलिंडर डेकवरच, केबिनच्या मागच्या भिंतीबाहेर. त्यासाठी पेटी करून घ्या. लोखंडी नको, जाड मरीन प्लायवर फायबर चढवलेली बरी. आतून पूर्ण बंद, केबिनकडे एकही भोक नाही, झाकण वरून उघडणारं. तळाला सगळ्यात खालच्या जागी एक निचरा, आतला व्यास निदान २० मिलिमीटर, नळी सरळ उताराने बोटीबाहेर आणि पाण्याच्या रेषेच्या वर. नळीला मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि गॅसची वाट बंद. निचऱ्याचं तोंड इंजिनची हवा घेणाऱ्या जाळीपासून आणि केबिनच्या खिडकीपासून निदान अर्धा मीटर लांब. पेटीत बॅटरी, वायर, दिवा काहीही नको, आणि दोराची गुंडाळीही नको. तळाला छिद्रांची रबरी चटई टाका, नाहीतर सिलिंडरची कडी खाऱ्या पाण्यात राहून सडते.

सिलिंडर उभाच. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर फूटभर ज्वाळा येते. दोन पट्टे लावा, एक खांद्याखाली, एक तळाजवळ. एकाच पट्ट्यावर तो फिरतो आणि रेग्युलेटर नळीला पीळ देतो.

१४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठी असतो, धंद्याच्या बोटीवर तो नियमात बसत नाही. निळा १९ किलोचा किंवा ५ किलोचा विनाअनुदान घ्या. मी ५ किलोचे दोन सांगेन. दोन बर्नर रोज तीन तास धरले तर किलोभर गॅस, आठ दिवसांना आठ किलो. दोन सिलिंडरांत भागतं, उचलायला हलके, आणि गळती झालीच तर एका वेळी पाच किलोचीच. मात्र जोडलेला एक आणि राखीव एक, दोन्ही त्याच पेटीत. राखीव सिलिंडर नाळेखाली (बोटीच्या पुढच्या टोकाखाली) जाळ्यांत ठेवायची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. त्याचीही झडप गळू शकते.

घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल बघा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ‘बी २७’ असेल तर चाचणीची मुदत जून २०२७ पर्यंत.

---

डेकवरची_सावली | १२ जून, दुपारी १:३०

सिलिंडर बाहेर गेला की नळी लांबणार. सुरक्षा होजच सरळ तीन मीटर ओढली तर? ती तर आतून तारेची असते, मजबूत.

---

पितळी_जेट | १२ जून, दुपारी २:१०

तारेची आहे म्हणूनच नको. कापलेल्या टोकाला तार उघडी पडते, खारं पाणी तिथून आत शिरतं आणि रबराखाली गंज चढतो, वरून नळी नवी दिसते. भिंतीतून आरपार नेलेली रबरी नळी इंजिनच्या थरथरीने भोकाच्या कडेवर घासतही राहते.

भिंतीतून तांब्याची नळी न्या. मऊ, वेटोळ्यात मिळणारी, बाहेरचा व्यास ८ किंवा १० मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. नागदेवी स्ट्रीटवर नळीही मिळते आणि पितळी फ्लेअर जोडही (नळीचं तोंड पसरवून नटने आवळायचा). भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि बाकीची फट सीलंटने बंद. दर ३० सेंटिमीटरला क्लिप, क्लिपखाली रबर. पेटीतून बाहेर पडताना नळीचं एक वेटोळं ठेवा. तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि नेमकं जोडाच्या गळ्याशी तडकतं. केबिनच्या आत मध्ये कुठेही जोड नको. एक अखंड तुकडा, शेवटी बॉल व्हॉल्व्ह.

तो बॉल व्हॉल्व्ह शेगडीच्या मागे नको, बाजूला, दाराच्या अंगाला. ज्योतीवरून हात नेऊन बंद करायची वेळ येऊ नये. व्हॉल्व्हपासून शेगडीपर्यंतच रबरी होज, मीटरभराच्या आत, आयएस ९५७३ चं चिन्ह असलेली आणि छापील मुदतीतली. घरी ती पाच वर्षं चालते म्हणतात. बोटीवर दर दोन बंदीला बदला, चारशे रुपयांसाठी जीव धोक्यात घालू नका. दोन्ही टोकांना स्टीलच्या होज क्लिपा.

रेग्युलेटर घरगुती, ३० मिलिबारचा. शेगडी त्याच दाबासाठी बनते. वडापावच्या भट्टीला लावतात तो पितळी चावीचा हाय प्रेशर रेग्युलेटर या शेगडीला लावला की कॉकचं ग्रीस बाहेर येतं आणि ज्योत बर्नर सोडून वर उडते. ‘भात लवकर शिजतो’ म्हणून हा उद्योग करणारे धक्क्यावर कमी नाहीत.

---

मिठाचा_खडा | १२ जून, रात्री ८:४५

सिलिंडर बाहेर, नळी तांब्याची. मग आत धोका उरला काय? ज्योत निळी असली की विषारी वायूचाही प्रश्न नाही.

---

लाटांचा_हिशोब | १२ जून, रात्री ९:३०

निळ्या ज्योतीवर एवढा विश्वास ठेवू नका.

एक किलो एलपीजी जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. दोन बर्नर ताशी ३४० ग्रॅम जाळतात, म्हणजे नुसत्या जळण्यासाठी ताशी साडेचार घनमीटर. केबिन आहे ७.२ ची. वारं-पाऊस म्हणून दार लावलं तर तासाभरात निम्म्याहून जास्त हवा ज्योतीतून फिरलेली असते आणि त्यात सात जण श्वास घेत असतात. प्राणवायू उतरला की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो, आणि सुरुवातीला ज्योतीचा रंग फारसा बदलतही नाही. त्याला वास नसतो. डोकं जड, मळमळ. बोटीवर ते बोट लागली म्हणून खपून जातं.

दुसरं कारण टोपाचं. दोन फुटी डेगची छोट्या शेगडीवर ठेवली की ज्योतीला बाजूने हवा मिळत नाही आणि गार बुडावर ज्योत अर्धी विझते. तिथेही मोनॉक्साइड. शिवाय उष्णता खाली परतून नॉब आणि होज तापतात. टोपाचं बूड २६-२८ सेंटिमीटरच्या पुढे नको. माणसं सात असतील तर दोन टोप लावा.

हवेच्या भोकांसाठी इंग्लंडमध्ये कालव्यांवरच्या बोटींना एक हिशोब लावतात: शेगडीच्या दर किलोवॉटला २२ चौरस सेंटिमीटर आणि दर माणसाला साडेसहा. तुमच्या दोन बर्नरचे सव्वाचार किलोवॉट आणि सात माणसं धरली तर जवळपास १४० चौरस सेंटिमीटर. अर्धं खाली, अर्धं वर. म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाची दोन गोल भोकं, पाणी अडवणाऱ्या टोपीसह, आणि बंद करता न येणारी. झाकण दिलं की पहिल्या पावसात कुणीतरी ते लावणार आणि परत कधी उघडणार नाही. डासांची जाळी लावलीत तर भोक मोठं करा, जाळी बरीच जागा खाते, वर तेलकट होऊन बुजते.

---

डेकवरची_सावली | १३ जून, सकाळी ६:५५

गॅसचा एवढा घोळ असेल तर रॉकेलचा स्टोव्ह का नाही? किंवा इंडक्शन?

---

दारूखाना_रिटर्न | १३ जून, सकाळी ९:१५

रॉकेल तळात साचून स्फोट होत नाही, हा खरा फायदा. पण नियमित मिळत नाही, आणि मग लोक टाकीतलं डिझेल भरतात. काजळी धरते, निपल चोंदतं, पंप मारताना भडका उडतो. हलत्या बोटीत रॉकेल भरणं हा वेगळाच खेळ.

इंडक्शन: २००० वॉट, २४ व्होल्टच्या बॅटरीवर ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरून ९५. एका भाताला बॅटरी बसेल आणि सकाळी इंजिन उठणार नाही.

---

पितळी_जेट | १३ जून, सकाळी ११:४०

नाखवांचा तिसरा प्रश्न, घरची शेगडी वापरावी का. माझं मत: वापरता येते, पण तिच्यात एक गोष्ट नसते आणि ती गोष्ट मोठी आहे. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा. बर्नरशेजारी एक थर्मोकपल असतो, तो थंड पडला की कॉकमधली झडप मिटते. स्वस्त शेगडीत हे नसतं. ओट्यात बसवायच्या काही हॉबमध्ये ‘फ्लेम फेल्युअर’ म्हणून मिळतं, पण बहुतेकांचा टॉप काचेचा. स्टीलच्या टॉपचा मिळाला तर दोन-चार हजार जास्त गेले तरी घ्या, हाच खर्च सगळ्यात वसूल होणारा आहे.

नाहीच मिळाला तर दुहेरी इलाज. एक, दार उघडं असताना वारा थेट बर्नरवर येऊ नये म्हणून तीन बाजूंनी स्टीलचा आडोसा, बर्नरच्या पातळीपेक्षा हातभर वर. दोन, तळाशी गॅसचा डिटेक्टर आणि त्याला जोडलेला, सिलिंडरच्या पेटीबाहेर नळीवर बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वीज गेली की बंद होणाऱ्या जातीचा. डिटेक्टर फळ्यांपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, आणि दुसरा इंजिनरूममध्ये. मोनॉक्साइडचा वेगळा, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला, कारण तो वायू हवेइतकाच जड. दोन्ही एकाच डबीत असलेलं यंत्र चुकीच्याच जागी बसतं, कुठेही लावा.

स्वस्त डिटेक्टरचा सेन्सर सिलिकॉन सीलंटच्या वाफेने मरतो. आधी सीलंट मारा, दोन दिवस सुकू द्या, मग डिटेक्टर लावा. दर फेरीआधी न पेटवलेल्या लायटरचा गॅस दोन सेकंद त्याच्या जाळीवर सोडून बघा. ओरडला नाही तर बदला.

---

लाटांचा_हिशोब | १३ जून, संध्याकाळी ६:२०

बसवण्याबद्दल कुणी बोललं नाही. शेगडीचे रबरी पाय काढून टाका. ओल्या फळीवर ते घसरतात. शेगडीला भोकं पाडू नका, आतली नळी दिसत नाही. २५ × २५ × ३ मिलिमीटरच्या अँगलची चौकट करून तिच्यात शेगडी बसवा आणि वरून पट्टीने दाबा. चौकट प्लायमध्ये आरपार बोल्टने, एम ६, ३१६ चे. लाकडी स्क्रू महिन्यात सैल होतात.

खाली-मागे काय आहे ते बघा. साध्या पॉलिएस्टर रेझिनचं फायबर शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं. मागच्या भिंतीला स्टीलचा पत्रा थेट चिकटवलात तर उष्णता पलीकडे जातेच. पत्रा आणि भिंत यांत २५ मिलिमीटरची पोकळी ठेवा, वरून-खालून उघडी, म्हणजे हवा खेळते. शेगडीखाली १२ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. कडप्पा नको: जड, तडकतो, आणि तापला की तास-तासभर खालच्या प्लायला शेकत राहतो. बर्नरच्या वर छतापर्यंत निदान ७५ सेंटिमीटर मोकळे. पडदे, जॅकेट, प्लास्टिकच्या बरण्यांची फळी, त्या पट्ट्यात काहीच नाही.

शेगडीचं तोंड कुठे? शिजवणारा नाळेकडे किंवा मागे तोंड करून उभा राहील असं. बोट आडवी जास्त डुलते, त्यामुळे सांडलेलं उकळतं पाणी त्याच्या बाजूला जातं, पोटावर नाही.

टोप अडवायला शेगडीच्या चारी बाजूंनी ६-७ सेंटिमीटर उंच कठडा, आणि प्रत्येक बर्नरवर टोपाला मिठी मारणारे ६ मिलिमीटर गजाचे दोन हात, पंखवाल्या नटने आवळायचे. जाळीचे सुटे स्टँड तारेने नाही, छोट्या बोल्टने बांधा. किती भरायचं त्याचाही हिशोब आहे: २४ सेंटिमीटर रुंद टोप २० अंश कलला तर एका कडेला पाणी ४.४ सेंटिमीटर वर चढतं. लाटेचा हिंदकळा वेगळा. अर्ध्याच्या वर भरू नका, आणि तळण समुद्रात नकोच.

---

वेसावकर_नाखवा | १३ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आता तपासणी. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे एवढंच माहीत होतं. तेवढं पुरेल?

---

पितळी_जेट | १४ जून, सकाळी ८:३०

साबणाने गळती कुठे आहे ते कळतं, आहे की नाही ते पक्कं कळत नाही. दोन्ही करा. पाण्याच्या नळीची चाचणी दीडशे रुपयांत होते.

पारदर्शक नळी दोन मीटर, ८ मिलिमीटरची. इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधा, दोन्ही हात निदान ६० सेंटिमीटर उंच. निम्मी रंगीत पाण्याने भरा, मागे टेप लावा. एक टोक उघडं. दुसरं टी-जोडाने शेगडीच्या होजजवळ लाइनमध्ये. टी आणि शेगडी यांच्यामध्ये काहीही बंद नको, बॉल व्हॉल्व्ह उघडा, शेगडीचे दोन्ही नॉब बंद.

सिलिंडर उघडा. दोन हातांतल्या पाण्यात ३०० मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल, ३० मिलिबार म्हणजे तेवढंच; गॅस वाहत नसताना थोडा जास्त दिसतो. सावलीत पाच मिनिटं थांबा, मग रेग्युलेटरचा नॉब बंद करा आणि खूण करा. पुढची दहा मिनिटं बघत बसा.

पाणी तिथेच: लाइन घट्ट आहे. फरक कमी होतोय: कुठेतरी गळतंय. बॉल व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा. आता घट्ट असेल तर दोष सिलिंडरच्या बाजूला, अजूनही उतरत असेल तर शेगडीत. फरक वाढतोय: रेग्युलेटर बंद असूनही त्यातून गॅस पास होतोय. ही शेवटची गोष्ट साबण कधीच सांगत नाही. उन्हात चाचणी केली तर नळी तापूनही पाणी हलतं, म्हणून सावली.

गळती शोधायला एक भाग भांड्यांचा साबण, दहा भाग गोडं पाणी, रंगाचा ब्रश. रेग्युलेटरचा गळा, होजची दोन्ही टोकं, फ्लेअर नट, कॉकची दांडी, नळीला कॉक जोडलाय ती जागा. अमोनियावाला क्लीनर पितळेला चिरा पाडतो, तो नको. खारं पाणी अजिबात नको. झाल्यावर पुसून घ्या. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत, म्हणून लिहितोय: नको.

मग ज्योत. पिवळी टोकं आणि टोपाला काजळी: हवेचं भोक किंवा जेट चोंदलंय. जेट सुईने कोरू नका, भोक मोठं होतं आणि मग कायमची पिवळी ज्योत. जेट पंधरा-वीस रुपयांचा, नवा टाका, चार राखीव ठेवा. मंद आचेवर ज्योत ‘फट्’ करून आत जाते: टोपी नीट बसलेली नाही किंवा छिद्रं गंजाने मोठी झालीत.

---

दारूखाना_रिटर्न | १४ जून, सकाळी १०:००

आग विझवायला एबीसी पावडरचा ४ किंवा ६ किलोचा सिलिंडर, दाराबाहेर. शेगडीच्या वर लटकवलेला असतो तो आगीतून हात घालून काढायचा का? सोबत अग्निरोधक चादर, तेल पेटलं तर. गॅसच गळून जळत असेल तर आधी झडप; ज्योत विझवली आणि गॅस चालू राहिला तर आगीच्या जागी स्फोट उभा राहतो.

धक्क्यावर असाल तर गॅसगळतीसाठी १९०६. समुद्रात व्हीएचएफ वायरलेसचं १६ नंबर चॅनेल, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

इंजिनवरच्या फळ्यांच्या फटी विसरू नका. झाकणाला रबरी पट्टी, वायरी-पाइप जातात त्या भोकांत पुट्टी. गॅस खाली जाण्याची वाट तीच आहे.

---

वेसावकर_नाखवा | २१ जून, रात्री ९:१५

पेटी झाली, तांब्याची नळी टाकली, शेगडी पितळी नळीची घेतली. यू-नळी लावली. बॉल व्हॉल्व्ह उघडा असताना आणि रेग्युलेटर बंद केल्यावर दहा मिनिटांत फरक ३१० वरून ३४५ झाला. साबणाला एकही बुडबुडा नाही.

---

पितळी_जेट | २१ जून, रात्री ९:५०

रेग्युलेटर पास होतोय. उघडून दुरुस्त करू नका, बदला. नवा लावल्यावर तीच चाचणी परत, आणि दुसऱ्या सिलिंडरवरही. कधी दोष सिलिंडरच्या झडपेच्या रबरी रिंगेत असतो. तसं निघालं तर सिलिंडर परत द्या, रिंग स्वतः बदलू नका.

---

मिठाचा_खडा | २१ जून, रात्री १०:२०

चुंबकवाला मीच. एक प्रश्न राहिला: रात्री शेगडी बंद करताना आधी नॉब की आधी सिलिंडर?

---

लाटांचा_हिशोब | २१ जून, रात्री १०:४५

आधी सिलिंडर, बर्नर जळत असतानाच. नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझते, मग बॉल व्हॉल्व्ह, मग नॉब. नॉब शेवटी बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी सिलिंडर उघडताच गॅस सुटलेला असेल. लावताना उलटं: तिन्ही नॉब-व्हॉल्व्ह बंद आहेत बघा, सिलिंडर उघडा, बॉल व्हॉल्व्ह उघडा, लायटर बर्नरपाशी नेऊन मग नॉब. हा क्रम दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा, मराठीत आणि खलाशांना वाचता येईल त्या भाषेत.